जपानातली आमची टीम

आमच्या घरात उठता-बसता जिचं नाव निघायचं, ती व्हॉलीबॉलची टीम आमच्यापैकी कुणीही कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ती जपानात होती आणि आम्ही बहरीनमध्ये, अरादला, किल्ल्यामागच्या गल्लीत एका बहरीनी म्हाताऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर. पप्पा एका जपानी कंपनीच्या हिद्दमधल्या ऑफिसात टेलेक्स ऑपरेटर होते. कंपनी तिकडे समुद्रात भराव घालून जहाजदुरुस्तीची गोदी बांधत होती. तिचा मूळ कारखाना जपानात, आणि त्या कारखान्याची पुरुषांची व्हॉलीबॉल टीम तिथल्या मोठ्या लीगमध्ये खेळायची. हिवाळाभर तिकडे शनिवार-रविवारी सामने होत आणि रविवारी दुपारी त्यांचे निकाल हेड ऑफिसकडून हिद्दच्या टेलेक्सवर येत. सिमेंटचे भाव, जहाजांच्या तारखा आणि त्यांच्या खाली सामन्याचा निकाल. मजकूर जपानी पण इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे पप्पांना त्यातले दोनच शब्द कळायचे. काची म्हणजे जिंकलो, माके म्हणजे हरलो. तेवढं त्यांना पुरेसं होतं.

रविवारी संध्याकाळी जिन्यावरच्या पावलांवरूनच आम्हाला निकाल कळायचा. काची असेल तर पप्पा दोन-दोन पायऱ्या चढत, हातात कोपऱ्यावरच्या भट्टीतल्या गरम खबूस रोट्या. मग आई हामूर माशाच्या तुकड्यांना वसईहून आणलेला बाटलीतला मसाला चोळून तव्यावर टाकायची आणि तो चर्र आवाज, वरून विमानतळावर उतरणाऱ्या विमानाची घरघर आणि पप्पांचं बोलणं असं सगळं एकदम चालू व्हायचं. माके असेल तर ते गुपचूप येऊन बूट काढायचे आणि रोझरी अशी म्हणायचे की कुणाचं तरी मयत झालंय असं वाटावं. आई हॉस्पिटलात नर्स होती, खरी मयतं पाहून आलेली. ती म्हणायची, "त्या टीमला ठाऊक तरी आहे का, आपण इथे तोंडं पाडून बसलोय ते?" पप्पा तिच्याकडे दुर्लक्ष करायचे. माझा भाऊ पास्कल, आमचा पास्कू, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तो मात्र विचारायचा, "किती सेट झाले पप्पा?" आणि त्या प्रश्नाने पप्पांचा चेहरा उजळायचा. आता वसईत माझा नातू हातातल्या फोनवर जगातली कुठलीही मॅच लावून देतो. "आजी, व्हॉलीबॉल बघतेस?" म्हणतो. मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

घरी पाहुणे आले की पप्पा क्लबचा इतिहास सांगत. सुटका नसे. युद्धानंतर कारखान्यातल्या भट्टीवरच्या कामगारांनी जेवणाच्या सुट्टीत अंगणात दोरी बांधून खेळायला सुरुवात केली, तेव्हा एकेका बाजूला नऊ-नऊ माणसं असत. मग सहांची टीम झाली, खालच्या गटातून वरच्या गटात आली, एकदा तिसरी आली. पहिली कधीच आली नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा ती शेवटून पहिली असे आणि मग वरच्या गटात टिकण्यासाठी तिला खालच्या गटातल्या पहिल्या टीमशी झुंजावं लागे. त्या आठवड्यात आमच्या घरात नोव्हेनाची प्रार्थना चालायची. पण पप्पांना खरी भुरळ पडली होती ती वेगळ्याच गोष्टीची. त्या टीमचे सगळे खेळाडू कंपनीचे नोकर होते. सकाळी टेबलावर काम, जेवणानंतर कोर्टवर सराव, आणि वय झालं, खेळ सुटला, तरी टेबल कायम. "खेळणं आणि पोट एकाच गेटमधून," पप्पा म्हणायचे. स्वतः ते तरुणपणी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या पारिशच्या, टीमचे स्मॅशर होते आणि माझ्या आजोबांनी त्यांना कोर्टवरून उचलून टायपिंगच्या क्लासला बसवलं होतं. ते दुःख त्यांनी जपून ठेवलं होतं. आमच्या वाट्याला ते वारसाहक्काने आलं.

हिद्दच्या कँपात कंपनीचं कोर्ट होतं. वाळू दाबून दाबून सिमेंटसारखी केलेली, चार कोपऱ्यांना रंगवलेली तेलाची पिंपं. तिथली टीम साकातासान चालवायचे. ते पप्पांच्या विभागाचे प्रमुख, आणि जपानातल्या त्या टीममध्ये एकेकाळी लिफ्टर, म्हणजे स्मॅशरला चेंडू उचलून देणारे. बहुतेक काळ बाकावर बसलेले लिफ्टर, असं ते स्वतःच हसून सांगायचे, पण पप्पा पाहुण्यांना सांगताना तो भाग गाळत. हिद्दच्या टीममध्ये साकातासान, आणखी एक जपानी, तीन मल्याळी वेल्डर आणि स्टोअरकीपर फिलिप, जो आमच्याच वसईचा. मोजून सहा. सातवा नव्हताच. संध्याकाळच्या सरावाला पास्कू सोळाव्या वर्षापासून जाऊ लागला. माझा भाऊ उडी मारायचा तेव्हा क्षणभर वर थांबतोय असं वाटायचं. मी बहीण म्हणून सांगत नाही, ते मल्याळी वेल्डरसुद्धा चहा हातात धरून बघत उभे राहायचे. साकातासानना 'पास्कल' म्हणता यायचं नाही. "पासुकारु, यल्ला!" असं ते ओरडायचे आणि एकेक चेंडू इतक्या प्रेमाने उचलून द्यायचे की माझ्या वडिलांनी त्याला तसं काही दिलेलं मला आठवत नाही. शुक्रवारी आम्ही चर्चमधून मिसाहून परतलो की ते कधी आमच्याकडे जेवायला यायचे. त्यांना आईच्या हातचे तळलेले सुके बोंबील आवडत. बोटं चाटून ते आईसमोर मान लववायचे आणि आई लाजून आत पळायची.

पास्कूची बारावी झाली आणि घरात एक वेगळीच काळजी शिरली. वडिलांच्या व्हिसावर मोठ्या मुलाला फार काळ राहता येत नसे. ओळखीची सगळी मुलं एकेक करून वसईला काकांकडे, मामांकडे रवाना झाली होती. स्वतःची नोकरी, स्वतःचा व्हिसा, नाहीतर परत. अशा वेळी साकातासाननी हेड ऑफिसला पत्र लिहिलं. कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून या मुलाला घ्या, मी जामीन राहतो, दुसऱ्या टीमबरोबर सराव करू द्या, पुढचं तुम्हीच बघाल. महिना-दीड महिन्याने टेलेक्स आला आणि पप्पांनी तो उतरवून घेतल्यावर साकातासाननी त्याचा अर्थ सांगितला. घेतो म्हणाले. उन्हाळ्यानंतर पाठवा, मेडिकल करून. आईने त्या दिवशी फुगे तळले, आमच्यात लग्नाला करतात ते. पास्कू गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिला आणि आत येऊन मला म्हणाला, "तिकडे बर्फ पडतो, माहितीये?"

त्याच सुमाराला कंपन्यांच्या टीमांची स्पर्धा होती आणि आमची टीम फायनलला पोचली. समोर कोरियन ठेकेदाराची टीम. जपानी ऑफिसात कधी कुणी आवाज चढवत नसे, पण त्या आठवड्यात म्हणे चहावाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. आणि नेमकी फिलिपची आई वारली. तो तातडीच्या रजेवर वसईला गेला आणि टीममध्ये पाचच माणसं उरली. नियम असा होता की खेळणारा कंपनीच्या पटावरचा हवा, मैदानात शिरताना गेटपास दाखवावा लागे. साकातासान म्हणाले, खलास, आपण माघार घेऊ. हे मी पप्पांच्या तोंडून ऐकलं आहे. ते माघार घ्यायला तयार होते.

तयार नव्हते ते पप्पा. रजेवर जाणारा माणूस गेटपास ऑफिसात ठेवून जायचा आणि तो कपाटात ठेवायचं काम पप्पांकडे होतं. जेवताना त्यांनी फिलिपचा पास खिशातून काढून टेबलावर ठेवला. फोटोत काय, एक मिशी आणि दोन डोळे. पास्कूलाही तेव्हा मिशी फुटलेली.

"अहो, जायचं ठरलंय ना त्याचं?" आई म्हणाली. "मग आता ही नसती उठाठेव कशाला?"

"एक मॅच आहे गं. गावात आपण काय करतो? चुलतभावाच्या नावावर खेळतातच ना पोरं? मी स्वतः माझ्या मावसभावाच्या नावावर पारिशच्या दोन स्पर्धा खेळलोय. फादरनाही माहीत असायचं."

"हे गाव नाही."

"साकातासाननी आपल्यासाठी एवढं केलं. त्यांना तोंडघशी पाडू?"

"त्यांनी मागितलंय का?"

"अशी माणसं मागत नाहीत," पप्पा म्हणाले. "आपण ओळखायचं असतं."

आमच्या धर्मग्रामातल्या स्पर्धांत हे सर्रास चालायचं, हे खरं आहे. शेजारच्या गावातला चांगला स्मॅशर आपल्या गावातल्या कुणा आजाऱ्याच्या नावावर उतरवायचा, आणि उघडकीस आलंच तर दोन शिव्या आणि एक बाटली यांवर मिटायचं. पप्पा ती सवय सामानात बांधून थेट दुसऱ्यांच्या देशात घेऊन आले, जिथे माणूस म्हणजे त्याचं कार्ड आणि कार्ड म्हणजे त्याची भाकरी. फिलिपला याचा पत्ताही नव्हता. तो आईला पुरत होता.

शुक्रवारी दुपार ढळल्यावर फायनल झाली. मी पप्पांबरोबर पिंपाला टेकून उभी होते. पास्कू कंपनीची निळी जर्सी घालून आला तेव्हा साकातासान त्याच्याकडे बघत राहिले, मग पप्पांकडे बघितलं. पप्पांनी नुसती मान हलवली. साकातासाननी तेव्हा एक शब्द उच्चारला असता तर सगळं टळलं असतं, पण त्यांनाही जिंकायचं होतं. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. मल्याळी वेल्डरांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सगळे पास्कूला फिलिप म्हणून हाका मारत होते. पहिला सेट आम्ही घेतला. दुसराही घेतला, तो तर एकट्या पास्कूने. तिसऱ्यात तो नेटजवळ उंच उडाला, स्मॅश बसला, आणि खाली येताना त्याचा पाय नेटखालून आत आलेल्या कोरियन लिफ्टरच्या बुटावर पडला. गुडघा आतल्या बाजूला वळला. मी तो आवाज ऐकला. माझा भाऊ त्या दाबलेल्या वाळूवर गुडघा धरून लोळत होता आणि चारी बाजूंनी माणसं ओरडत होती, "फिलिप! फिलिप!" त्याच्या वेदनेलासुद्धा दुसऱ्याचं नाव मिळालं. पाच माणसांनी पुढे खेळता येत नाही, म्हणून सामना कोरियनांना देऊन टाकला.

हॉस्पिटलात, आईच्या नव्हे, दुसऱ्या, पप्पा, साकातासान आणि मी. पास्कू स्ट्रेचरवर, अंगावर तीच जर्सी, केसांत वाळू. डॉक्टर घाईत होते. कसं झालं, एवढंच त्यांनी इंग्रजीत विचारलं.

पप्पांनी साकातासानकडे पाहिलं. साकातासान खाली मान घालून उभे होते.

"बाथरूम, डॉक्टर," पप्पा म्हणाले. "स्लिप झाला बाथरूममध्ये."

साकातासाननी मान वर केली. त्यांचं तोंड उघडलं. मग मिटलं. पास्कू पप्पांकडे बघत होता, आणि ती नजर मी पुन्हा कधी बघू नये असं मला वाटतं. डॉक्टरांनी जर्सीकडे बघितलंही असेल, पण बाहेर रांग होती. एक्स-रे काढला, हाड मोडलं नाही म्हणाले, बँडेज बांधलं, आठ-दहा दिवस आराम. बाथरूममध्ये घसरलेल्या माणसाला द्यायचं तेवढं सगळं त्यांनी दिलं.

आई ड्यूटीवरून आली तेव्हा पास्कू कॉटवर पाय उशीवर ठेवून पडला होता. तिने सूज बघितली, बोटांनी चाचपली आणि तिच्या लक्षात आलं की हे वरवरचं नाही. "मी उद्या याला आमच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेते," ती म्हणाली. "कोर्टवर काय झालं ते सगळं सांगते."

"सांग," पप्पा म्हणाले. "मग फिलिपच्या पासवर हा कसा खेळला तेही विचारतील. फिलिप गेला कामावरून. त्याची तीन पोरं आहेत. साकातासानची मान खाली जाईल ती वेगळी."

"आणि याचा पाय?"

"मुरगळलाय गं. मी काय कमी वेळा पडलोय?"

दुसऱ्या दिवशी आईने त्याला नेलं नाही. फिलिपच्या बायकोचं बाळंतपण तिनेच केलं होतं. पप्पांना हे बरोबर ठाऊक होतं. स्वतःच्या कातडीवर फिलिपची तीन पोरं पांघरायला त्यांना त्या दिवशी जराही लाज वाटली नाही. मी हे लिहिते आहे आणि मला आजही तितकाच राग येतो. पप्पांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण मग कुणाबद्दल लिहायचं?

तीन आठवड्यांनी सूज उतरली, पास्कू चालायला लागला. मेडिकल जवळ आली होती. "जरा अंग मोकळं कर," म्हणून पप्पाच त्याला कोर्टवर घेऊन गेले. त्याने एक उडी मारली. एकच. खाली आला तो गुडघा त्याला सोडूनच गेला. आता मात्र आईने कुणाचं ऐकलं नाही. हाडांच्या डॉक्टरांना तिने सगळं सांगितलं आणि ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नर्स असून इतके दिवस थांबलात?" आतले बंध पहिल्याच दिवशी तुटले होते. त्याच्यावर ही उडी. तेव्हाच आणलं असतं तर प्रयत्न करून पाहता आला असता. ते वाक्य आईने मरेपर्यंत उराशी धरलं, आणि त्यात तिचा काडीचा दोष नव्हता.

मेडिकलमध्ये पास्कू नापास झाला. जपानचं राहिलं. साकातासाननी ऑफिसात पप्पांना कळवलं आणि त्यानंतर ते आमच्याकडे यायचे बंद झाले. पास्कूला मुहर्रकमध्ये एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे तिथल्या वाणसामानाच्या दुकानाच्या, मालकाने व्हिसा दिला. उंच स्टुलावर बसून तो गल्ल्यावर काम करायचा, एक पाय काउंटरखाली लांब सोडलेला. एकविसाव्या वर्षी तो जिना चढताना कठड्याला धरायचा. आणि पप्पा? पप्पा रविवारी निकाल आणतच राहिले! मला त्यांचं खोटं एक वेळ समजतं. भ्याले होते, असं म्हणता येतं. पण त्या घरात, त्या जेवणाच्या टेबलाशी, लंगडणाऱ्या पोरासमोर 'काची' म्हणून हसायला माणसाची जीभ कशी उचलते, हे मला कधीच समजलं नाही. शेवटी एका रविवारी आईने तव्यावरचा मासा तसाच उचलून बादलीत टाकला. "खलास," ती म्हणाली. "या घरात आता काची नको नि माके नको." तेव्हापासून पप्पा खाली उतरून घरमालक म्हाताऱ्याला मोडक्यातोडक्या अरबीत निकाल सांगायचे. म्हातारा मणी ओढत प्रत्येक निकालाला "इंशाल्ला" म्हणायचा.

काही वर्षांनी कंपनीचं बहरीनमधलं काम आटोपलं. जाण्यापूर्वी साकातासान आमच्याकडे आले. शुक्रवारची दुपार होती, आम्ही मिसाहून नुकतेच परतलो होतो. ते बरेच म्हातारे दिसत होते. सूट घातला होता, त्या उकाड्यात. पप्पांची धांदल उडाली, पंखा त्यांच्याकडे वळवला, मला कपबशा बदलायला लावल्या. आईने चहा केला. बोंबील तळले नाहीत.

साकातासाननी आधी टीमची बातमी सांगितली. जहाजबांधणीत मंदी आहे, पोलादात मंदी आहे, हेड ऑफिसने ठरवलंय की हा सीझन संपला की टीम बंद. खेळाडू कारखान्यातच राहतील, कुणाचं टेबल जाणार नाही. फक्त टीम नसेल. पप्पांनी कप बशीत ठेवला आणि ते रडायला लागले. हुंदके देऊन. ज्या माणसांची त्यांनी तोंडंही पाहिली नव्हती त्यांच्यासाठी माझे वडील आमच्यासमोर बसून रडले. पास्कूच्या मेडिकलचा निकाल आला त्या दिवशी ते नेहमीसारखे ऑफिसला गेले होते.

पास्कू खुर्चीत बसून हे बघत होता. साकातासान उठले, त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, दोन्ही हात मांड्यांना लावले आणि कमरेतून वाकले. इतके खाली की त्यांचं विरळ झालेलं डोकं माझ्या भावाच्या गुडघ्याच्या पातळीला आलं. तसेच वाकून ते इंग्रजीत बोलू लागले, एकेक शब्द आधीपासून पाठ केल्यासारखा. "पासुकारु. त्या दिवशी. कोर्टवर. मला माहीत होतं. मी हॉस्पिटलमध्ये..."

"नो, नो, सर!" पप्पा डोळे पुसायलाही थांबले नाहीत. गालांवर पाणी तसंच, आणि ते हसत मध्ये शिरले. साकातासानच्या दंडाला धरून त्यांना वर उचलू लागले. "नो कोर्ट, सर. बाथरूम. बाथरूममध्ये पडला तो. तुम्ही काय म्हणून? प्लीज, सर. सिट, सर."

साकातासान अर्धवट वाकलेलेच राहिले. त्यांनी पास्कूकडे बघितलं. त्या नजरेत विचारणं होतं: आता मी काय करू? तेवढ्यात माझ्या वडिलांनी साहेबांना खुर्चीपर्यंत आणून बसवलं. त्यांनी निवलेला चहा संपवला, आईला नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. खाली त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

पप्पा गॅलरीतून हात हलवून आत आले. चेहरा फुललेला. "बघितलंत?" ते म्हणाले. "केवढा मोठा माणूस. आपल्या घरात येऊन एवढा वाकला."

"पप्पा," पास्कू म्हणाला, "ते माझं होतं."

"काय तुझं?" पप्पांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.